‘४३ हजारांचं विमान ३१ वर का रखडवता?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ट्रिपल सेव्हनची (बोईंग ७७७) कमाल उंची ४३,१०० फूट असताना सिमवरच्या (संगणकावर विमान उडवायचं, तो फ्लाइट सिम्युलेटर) माझ्या लेखात मुंबई-न्यूयॉर्कसाठी मी सुरुवातीला ३१,००० सुचवले, हा भित्रेपणा झाला. रंकाळ्यावर बसून मोबाईलवर बघितलं तर डोक्यावरची विमानं ३७-३९ हजारांवर दिसतात. जितकं उंच तितकं इंधन कमी. आणि सिममध्ये पडलं तर मरतंय कोण?

आधी माझी एक चूक, जी तुम्हालाही दिसली नाही. पश्चिमेकडं जाताना सम हजार घ्यायचे, विषम पूर्वेकडं जाणाऱ्यांचे. म्हणून लेखात ३१ चे ३० केलेत. म्हणजे तुमच्या हिशेबानं मी आणखी घाबरलो!

आता ४३,१००. त्याच्या वर जायला त्या विमानाला परवानगीच नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. पोटात न्यूयॉर्कपर्यंतचं इंधन भरून ३४० टनांनी उडालेलं विमान तिथं पोचेल असं कुणी म्हटलेलं नाही. गळीत हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत चढाला लागलेला ट्रॅक्टर तुम्ही बघितलाच असणार. चढतोय तोवर चढतोय; मध्येच थांबला की पुन्हा हलत नाही, मागंच घ्यावा लागतो. जड विमानाचं वर तेच होतं. वेग एकदा घसरला की तो परत मिळवायला इंजिनात जोर शिल्लक नसतो. मग नाक खाली घालून उंची सोडायची, दुसरा इलाज नाही.

हे मी शहाणपणानं नाही, आपटून शिकलो. सिममध्ये असंच जड विमान होतं. एफएमसीच्या (विमानातल्या संगणकाच्या) क्रूझ पानावर मॅक्स, म्हणजे त्या वजनाला झेपणारी कमाल उंची, ३३ हजारांच्या आसपास दिसत होता. तिथं ३७ टाकले, तर त्यानं नकार दिला. मी हट्टानं व्हीनॅव्ह (चढ-उतार आपोआप सांभाळणारी यंत्रणा) सोडलं आणि हातानं चढवत नेलं. शेवटी मिनिटाला जेमतेम दोनशे फूट. वेगाच्या पट्टीवर खालून पिवळा पट्टा (कमीत कमी वेगाची हद्द) वर सरकतोय, वरून लाल-काळा (जास्तीत जास्त वेगाची) खाली येतोय, आणि मधल्या चिंचोळ्या फटीत माझा आकडा. तेवढ्यात बाहेरचं तापमान सात-आठ अंशांनी वाढलं, इंजिनांचा दम कमी झाला, वेग पिवळ्यात शिरला आणि वेग फार घसरल्याचा इशारा देत दांडा हलवणारा स्टिक शेकर खडखडायला लागला. रात्रीचे अकरा वाजलेले. आतून आई ओरडली, ‘आता मिक्सर कुणी लावला रे?’ सावरेपर्यंत सहा हजार फूट गेले होते.

मॅक्सच्या आकड्यात साधारण १.३ जीची (वजनाच्या १.३ पट भाराची) राखीव धरलेली असते. ३३० टनांच्या विमानाच्या पंखांना वेळ आली तर ४२९ टन पेलता यावेत, म्हणजे ४० अंश कलून वळण्याइतकी. नेहमीची वळणं २५ अंशांची, मग एवढी कशाला? ढगातल्या हिसक्यासाठी. मॅक्सच्या वर गेलात की आधी ही राखीव संपते.

इंधनाचं म्हणाल तर ऑप्टिममपर्यंत (त्या वजनाला सगळ्यात कमी इंधन लागतं ती उंची) तुमचं बरोबर, त्याच्या वर खर्च उलटा वाढतो. दोन हजार फूट खाली राहिलात तर एक-दोन टक्के जास्त जाईल. तेवढे जाऊ देत.

रंकाळ्यावरून दिसतात ती बरीचशी देशांतर्गत जाणारी लहान विमानं, किंवा आठ-नऊ तास इंधन जाळून हलकी झालेली मोठी. ट्रिपल सेव्हन तासाला सात-आठ टन जाळतं. चार-पाच तासांनी तुम्हीही ३२ वर जाल, पुढं ३४, ३६. मी ‘सुरुवातीला’ लिहिलं होतं ते यासाठीच.

आणि ‘मरतंय कोण’ हे जरा लागलं. १६ ऑगस्ट २००५ ला वेस्ट कॅरिबियनचं एमडी-८२ पनामाहून मार्टिनिकला निघालं होतं. जड विमान ३३ हजारांवर नेलेलं, अँटी-आइस (बर्फ साचू न देणारी यंत्रणा) चालू, त्यामुळं जोर आणखी कमी. वेग हळूहळू उतरत गेला, विमान स्टॉल झालं (पंखांची उचलच संपली) आणि व्हेनेझुएलात कोसळलं. १६० माणसं गेली. ते वाचल्यापासून सिममध्येही मी त्या पिवळ्या पट्ट्याशी खेळत नाही.

तुमचं विमान ४१ हजारांवर ‘आरामात’ गेलं म्हणता, पण अख्ख्या प्रतिक्रियेत वजन कुठंच नाही. उड्डाणाच्या वेळी किती टन होतं आणि क्रूझ पानावर मॅक्स काय दिसत होता, एवढं कळवा. त्याच आकड्यांनी मी रविवारी उडवून बघतो.