कंबरपट्ट्याने वजन हलके होत नाही

‘योग्य पद्धतीने उचलल्यास कोणतेही वजन जड नाही’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या सर्वत्र फिरत आहे. कंबरपट्टा बांधला की मणका सुरक्षित राहतो. पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत वाकल्यास कितीही वजन उचलता येते. दोघांनी मिळून उचलल्यास क्षमता दुप्पट होते. उचलताना श्वास रोखून धरावा. आणि इतके करूनही पाठ दुखली तर आपलीच पद्धत चुकली असे समजून दोन आठवडे अंथरुणावर पडून राहावे, असा त्याचा आशय आहे. गोदामात काम करणाऱ्या माझ्या भाच्याला हा संदेश त्याच्या सुपरवायझरने पाठवला आणि प्रत्येकाने स्वतःच्या खर्चाने पट्टा आणावा, अशी सूचनाही सोबत जोडली. ‘मावशी, कोणता पट्टा घेऊ?’ असे भाच्याने विचारले, त्यामुळे आता गप्प राहणे शक्य नाही.

सुरुवात पट्ट्यापासूनच करावी लागेल, कारण सर्व सूचनांत ती सर्वाधिक निराधार आहे आणि सर्वाधिक नुकसानही तिनेच होते. अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर ऑक्युपेशनल सेफ्टी अँड हेल्थ, म्हणजेच नायॉश, या सरकारी संशोधन संस्थेने १९९४ मध्येच उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन, निरोगी कामगाराला पट्ट्यामुळे इजेपासून संरक्षण मिळते असे म्हणण्याइतका पुरावा नाही, असे स्पष्ट केले होते. एवढ्यावर न थांबता तिने पुढे १६० दुकानांत माल हाताळणाऱ्या नऊ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला आणि तो २००० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रोज पट्टा बांधणारे आणि क्वचितच किंवा कधीही न बांधणारे, तसेच पट्टा सक्तीचा असलेली दुकाने आणि ऐच्छिक असलेली दुकाने, अशा दोन्ही तुलना त्यात होत्या. पाठीच्या दुखापतीचे भरपाईचे दावे पाहिले किंवा कर्मचाऱ्यांनी स्वतः सांगितलेली पाठदुखी पाहिली, तरी पट्ट्यामुळे लक्षणीय फरक पडल्याचे आढळले नाही. सर्वांत कष्टाची कामे करणाऱ्यांनाही तो उपयोगी पडला नाही.

यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. कमरेच्या मणक्यांवर येणारा ताण मुख्यतः वजन किती आहे आणि ते शरीरापासून किती दूर आहे यावर ठरतो. पाठीच्या स्नायूंना मणक्यापासून जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरची तरफ मिळते, तर खोके हातभर अंतरावर असते. त्यामुळे त्या खोक्याला तोलण्यासाठी स्नायूंना त्याच्या वजनाच्या कित्येक पट जोर लावावा लागतो आणि तो सगळा दाब मणक्यांमधील चकत्यांवर येतो. पट्ट्याने खोके हलकेही होत नाही आणि जवळही येत नाही. ‘मग भारोत्तोलक पट्टा का बांधतात?’ हा प्रश्न हमखास येतो. ते एका उचलीपुरता पट्टा आवळतात, त्यांची दांडी शरीराला जवळजवळ घासून वर जाते आणि पायाखालची जमीन सपाट असते. पाळीभर वेगवेगळ्या आकारांची खोकी उचलून वळून ठेवणाऱ्याशी त्यांची तुलनाच गैरलागू आहे. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी दिलेल्या पट्ट्याचा विषय वेगळा असून त्याबद्दल येथे काही म्हणायचे नाही. मात्र पट्टा बांधल्यावर माणूस एरवी उचलले नसते इतके वजन उचलायला धजावतो, हा धोका नायॉशनेही नोंदवलेला आहे, आणि ‘पट्टे आणायला सांगितले’ एवढ्यावर व्यवस्थापनाला आपले कर्तव्य पार पाडल्याचे समाधान मिळते, हे तर त्याहून वाईट.

गुडघ्यांत वाकण्याच्या सल्ल्यात अर्धे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागेल. वजन अंगाजवळ धरणे आणि कमरेतून पिळा न देणे योग्यच आहे. परंतु खोके इतके रुंद असेल की ते दोन गुडघ्यांच्या मधे मावत नाही, तर खाली बसल्यावर ते गुडघ्यांच्या पुढे जाते आणि अंतर कमी होण्याऐवजी वाढते. ‘कितीही वजन’ या शब्दांना तर कोणताच आधार नाही. किती वजन उचलणे सुरक्षित हे ठरवण्याच्या नायॉशच्याच सुधारित सूत्रात अगदी आदर्श स्थितीतही २३ किलो ही मर्यादा धरलेली आहे. आदर्श म्हणजे वजन घोट्यांपासून २५ सेंटिमीटरवर, जमिनीपासून ७५ सेंटिमीटर उंचीवर, पकड चांगली, वळणे नाही आणि उचलण्याचे प्रमाणही कमी. तेच वजन जमिनीवरून, घोट्यांपासून ५० सेंटिमीटर अंतरावरून, ७५ सेंटिमीटर उंच उचलायचे असेल, तर त्याच सूत्राने मर्यादा आठ किलोच्याही खाली येते. त्यात ४५ अंश वळावे लागले तर ती सुमारे पावणेसात किलो उरते. या हिशेबात गुडघ्यांना स्वतंत्र स्थान नाही. माल कमरेच्या उंचीच्या फळीवर ठेवणे, पॅलेटभोवती, म्हणजे माल रचण्याच्या चौकटीभोवती, फिरायला जागा सोडणे, ढकलगाडी देणे, मोठ्या खोक्यांऐवजी लहान खोकी मागवणे आणि प्रत्येक खोक्यावर वजन लिहिणे यांनीच ही मर्यादा पाळणे शक्य होते, आणि यांपैकी एकही गोष्ट एकट्या कामगाराच्या हातात नाही.

दोघांची ताकद दुप्पट होते, हे गणित कागदावरच ठीक आहे. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह या कामाच्या ठिकाणची सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी संस्थेच्या मार्गदर्शनानुसार दोघांची संयुक्त क्षमता त्यांच्या बेरजेच्या सुमारे दोन-तृतीयांश आणि तिघांची सुमारे निम्मी धरावी. एकेकटे २० किलो उचलू शकणारे दोघे मिळून सुमारे २७ किलो आणि तिघे मिळून ३० किलो, म्हणजे तिसऱ्यामुळे वाढले फक्त तीन. एकाची उंची कमी असली किंवा एकाचा पाय घसरला, तर सगळा भार क्षणात दुसऱ्यावर येतो.

श्वास रोखण्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. जोर लावताना क्षणभर श्वास आपोआप अडतो. तो मुद्दाम रोखून धरल्यास रक्तदाब एकदम चढतो, आणि उच्च रक्तदाब असलेल्यांना असा सल्ला सरसकट पाठवणे बेजबाबदारपणाचे आहे.

दोन आठवडे पडून राहण्याचा सल्ला तर वैद्यकशास्त्राने केव्हाच मागे टाकला आहे. साध्या पाठदुखीत झेपेल तितकी हालचाल चालू ठेवणाऱ्यांची सुधारणा पडून राहणाऱ्यांपेक्षा चांगली होते. पायातली शक्ती कमी होणे, जांघेच्या आणि बैठकीच्या भागात बधिरपणा येणे, लघवी किंवा शौचावरचे नियंत्रण सुटणे, यांपैकी काहीही आढळल्यास मात्र घरी न थांबता तत्काळ रुग्णालय गाठावे. आणि नेमकी हीच सूचना त्या संदेशात कुठेही नाही. दुखणे कामावर सुरू झाले असेल तर ते नोंदवून घेण्याचा आग्रह धरावा आणि त्या जागेची उंची, अंतर व वजन मोजायला लावावे, कारण तो माणूस रजेवर गेला की दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच खोक्यांपुढे, दुसऱ्याला उभे केले जाते.