‘बाईला आर्चबिशप केले म्हणून अँग्लिकन चर्च फुटले’: एका दाव्याची तपासणी

ऑक्टोबर 2025 पासून समाजमाध्यमांवर एक दावा फिरतो आहे. तो थोडक्यात असा : इंग्लंडच्या चर्चने समलिंगी विवाह मान्य केला, त्यावर कळस म्हणून एका बाईला कँटरबरीची आर्चबिशप, म्हणजे त्या चर्चची सर्वोच्च बिशप, नेमले, त्यामुळे जगातले 85 टक्के अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चमधून निघालेल्या परंपरेतले ख्रिस्ती) बाहेर पडून चर्च फुटले, आणि कँटरबरीच्या हुकमाखाली असल्यामुळे भारतातल्या मंडळ्यांनाही आता हेच स्वीकारावे लागणार. यातले सगळेच खोटे आहे असे नाही. घटना बहुतेक खऱ्या आहेत, पण त्यांची टोके चुकीच्या गाठींनी एकमेकांना बांधलेली आहेत.

शेवटच्या विधानापासून सुरुवात करतो, कारण ते आपल्या सर्वांत जवळचे आहे. कँटरबरीच्या आर्चबिशपला अँग्लिकनांचा पोप समजणे ही या दाव्यातली मूळ चूक आहे. अँग्लिकन कम्युनियन म्हणजे 42 स्वायत्त चर्चेसचा परस्परसंबंध होय. प्रत्येक प्रांताची स्वतःची घटना, स्वतःचा सिनॉड (निर्णय घेणारी धर्मसभा) आणि स्वतःचे नियम असतात. कँटरबरीचे आर्चबिशप ‘समानांतील पहिले’ मानले जातात. ते जगभरच्या बिशपांना लँबेथ परिषदेचे निमंत्रण देतात, पण नायजेरियाच्या किंवा ब्राझीलच्या चर्चला आदेश देऊ शकत नाहीत. 1867 मध्ये पहिली लँबेथ परिषद भरली तेव्हाच ही सभा कायदे करणारी नाही, विचारविनिमय करणारी आहे, हे स्पष्ट करण्यात आले होते. भारतापुरते बोलायचे तर इथले अँग्लिकन चर्च 1930 मध्येच इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळे झाले. पुढे 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सी.एन.आय.) स्थापन झाले, तेव्हा त्यात अँग्लिकनांबरोबर प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स हे प्रवाहही मिळाले. मुंबईचे सेंट थॉमस कॅथीड्रल किंवा पुण्यातले पंचहौदचे देवालय यांचा इतिहास अँग्लिकन आहे, पण तिथले निर्णय सी.एन.आय.च्या सिनॉडचे असतात. हेच चर्च मेथडिस्ट आणि रिफॉर्म्ड परंपरेच्या जागतिक संघटनांचेही सभासद आहे. लंडनमध्ये ठराव झाला आणि अहिल्यानगरच्या मंडळीला तो लागू झाला, अशी व्यवस्थाच अस्तित्वात नाही.

आता बाईचा मुद्दा. सॅरा मुलाली यांचे नाव 3 ऑक्टोबर 2025 रोजी जाहीर झाले. त्या कँटरबरीच्या 106 व्या आर्चबिशप आणि त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. त्याआधी 2018 पासून त्या लंडनच्या बिशप होत्या आणि पूर्णवेळ धर्मसेवेत येण्यापूर्वी इंग्लंडच्या शासकीय परिचर्या सेवेच्या प्रमुख होत्या. ज्या निवड समितीने त्यांचे नाव ठरवले तिच्या 17 मतदार सभासदांत या वेळी प्रथमच इंग्लंडबाहेरच्या कम्युनियनचे पाच प्रतिनिधी होते. पूर्वी एकच असे. गॅफकॉन या परंपरावादी गटाचे अध्यक्ष, रवांडाचे आर्चबिशप लॉरेंट म्बांडा यांनी त्याच दिवशी निषेध केला आणि त्यात बिशपपद पुरुषांकडेच असावे ही भूमिकाही मांडली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यावरून ‘आफ्रिका बाईमुळे गेली’ असा निष्कर्ष निघत नाही. गॅफकॉनमधल्याच केनियाच्या चर्चने 2021 मध्ये रोझ ओकेनो यांना बुटेरे धर्मप्रांताच्या बिशप केले. दक्षिण सुदानमध्ये एलिझाबेथ अवुत न्गोर यांची बिशप म्हणून दीक्षा 2016 च्या अखेरीस झाली. युगांडात स्त्रिया 1983 पासून धर्मगुरू आहेत, तर नायजेरियाच्या चर्चमध्ये अजूनही नाहीत. दोन्ही देश एकाच खंडात आहेत, आणि मुद्दाही नेमका तोच आहे की ‘आफ्रिका’ नावाचे एकमत कुठे सापडत नाही. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप थाबो माकगोबा यांनी तर मुलाली यांच्या निवडीचे स्वागत केले.

स्त्री-दीक्षा हे लंडनहून निघालेले खूळ आहे, हा समजही तपासून पाहावा. अँग्लिकन परंपरेत पहिली स्त्री धर्मगुरू 1944 मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, चीनमध्ये झाली. त्यांचे नाव फ्लॉरेन्स ली टिम-ओई. इंग्लंडमध्ये स्त्रियांना ती दीक्षा मिळायला 1994 उजाडले. चर्च ऑफ साउथ इंडियाने 2013 मध्ये नंद्यालच्या बिशप म्हणून ई. पुष्पा ललिता यांना नेमले, तेव्हा इंग्लंडच्या चर्चमध्ये एकही स्त्री बिशप नव्हती. तिथली पहिली, लिबी लेन, जानेवारी 2015 मध्ये झाली. आणि मराठी वाचकाला पंडिता रमाबाई आठवल्याशिवाय राहणार नाहीत. 1883 मध्ये वाँटेज येथे इंग्लंडच्या चर्चमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमला असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, असा प्रश्न उपस्थित झाला, तेव्हा भारतातल्या इंग्रज बिशपांनी नापसंती कळवली. भारतातल्या पुरोहितशाहीचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यावर तसलेच दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, असे त्यांनी वाँटेजच्या सिस्टरना लिहून कळवले होते.

समलिंगी विवाहाबद्दलचे विधान इंग्लंडपुरते सरळसरळ चुकीचे आहे. तिथे 2013 मध्ये समलिंगी विवाहाचा कायदा झाला, पण त्याच कायद्याने इंग्लंडच्या चर्चला असे विवाह लावण्यापासून वगळले आहे, आणि विवाह म्हणजे एक पुरुष व एक स्त्री यांचे आजन्म नाते ही चर्चची व्याख्या बदललेली नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये सिनॉडने ज्याचे स्वागत केले त्या होत्या समलिंगी जोडप्यांसाठीच्या आशीर्वादपर प्रार्थना. नेहमीच्या उपासनेत त्या डिसेंबर 2023 पासून वापरता येऊ लागल्या. अशा जोडप्यांसाठी स्वतंत्र उपासनाविधी हवा असेल, तर सिनॉडची पूर्ण प्रक्रिया आणि दोन-तृतीयांश बहुमत लागेल, असे बिशपांनी ऑक्टोबर 2025 मध्ये सांगितले. म्हणजे मुलाली यांचे नाव जाहीर झाले त्याच महिन्यात गाडी पुढे न जाता थांबली. अमेरिकेच्या एपिस्कोपल चर्चने 2015 मध्ये आणि स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने 2017 मध्ये असे विवाह मान्य केले, हे खरे आहे. पण त्यांचा निर्णय इंग्लंडच्या नावावर खपवणे बरोबर नाही. प्रार्थना आणि विवाह यांतला फरक निव्वळ शब्दच्छल आहे, असे टीकाकार म्हणतात. तो आक्षेप गंभीर आहे आणि त्यावर वाद व्हायला हवा, पण त्यासाठीही आधी काय घडले ते नीट सांगावे लागते.

राहिला फुटीचा प्रश्न. भांडण 2025 चे नव्हे. 1998 च्या लँबेथ परिषदेत समलिंगी संबंध पवित्र शास्त्राशी विसंगत असल्याचा ठराव 526 विरुद्ध 70 मतांनी झाला. 2003 मध्ये अमेरिकेत न्यू हँपशायरचे बिशप म्हणून उघडपणे समलिंगी असलेल्या जीन रॉबिन्सन यांची दीक्षा झाली आणि 2008 मध्ये जेरुसलेमला गॅफकॉन उभे राहिले. तेव्हा मुलाली बिशपही नव्हत्या. 16 ऑक्टोबर 2025 च्या निवेदनात गॅफकॉनने कँटरबरी, लँबेथ परिषद, अँग्लिकन सल्लागार परिषद आणि प्रांतप्रमुखांची बैठक या चारही व्यवस्था नाकारल्या. पण आम्ही बाहेर पडलो असे न म्हणता, खरे कम्युनियन आम्हीच, असे म्हटले. घर सोडणे आणि घरावर मालकी सांगणे यांत फरक आहे, आणि दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. 85 टक्के हा आकडा 2023 च्या किगाली परिषदेतला असून तो गॅफकॉन आणि ग्लोबल साउथ या दोन गटांच्या नेत्यांनी मिळून केलेला स्वतःचा अंदाज आहे. ग्लोबल साउथ गटानेही तेव्हाच्या आर्चबिशपांचे नेतृत्व नाकारले होते, तरी त्याची वाट गॅफकॉनहून वेगळी आहे. कँटरबरीचे स्थान कमी मध्यवर्ती करून नेतृत्व वाटून घ्यावे, असे नैरोबी-कैरो प्रस्ताव खुद्द कम्युनियनच्याच आयोगाने डिसेंबर 2024 मध्ये मांडले आहेत.

या दाव्यात एका गोष्टीचा उल्लेखच नाही. कँटरबरीचे पद रिकामे का झाले? जस्टिन वेल्बी यांनी नोव्हेंबर 2024 मध्ये राजीनामा जाहीर केला तो ना समलिंगी प्रश्नावर, ना स्त्रियांच्या. जॉन स्मिथ नावाचा वकील ख्रिस्ती उन्हाळी शिबिरांतून ओळख झालेल्या मुलांना आणि तरुणांना निर्घृण मारहाण करत असे. त्याचे बळी शंभराहून अधिक होते. 1980 च्या दशकात हे चर्चमधल्या काही जणांना कळले, तरी प्रकरण दडवले गेले. तो झिंबाब्वेला गेला आणि तिथेही शिबिरे चालवू लागला. वेल्बी यांना 2013 मध्ये माहिती मिळाल्यावर पोलिसांपर्यंत पाठपुरावा व्हायला हवा होता, असे या प्रकरणाच्या चौकशीच्या मेकिन अहवालाने नोंदवले आणि त्यानंतर पाच दिवसांत राजीनामा आला. इंग्लंडच्या चर्चमधली आठवड्याची सरासरी उपस्थिती 2019 मध्ये साडेआठ लाखांच्या आसपास होती, ती 2024 मध्ये थोडी सावरूनही सात लाखांच्याच घरात आहे. पण विश्वास उडण्याची कारणे शोधणाऱ्याने आधी हा अहवाल वाचावा. स्मिथ 2018 मध्ये केपटाऊनला मरण पावला. त्याच्यावर एकदाही इंग्लंडच्या न्यायालयात खटला उभा राहिला नाही.