प्रती वाढवल्या की डेटाबेस पळतो?

सध्या एक सल्ला जोरात फिरतोय: ‘युजर जगभर आहेत? प्रत्येक खंडात डेटाबेसची एक प्रत ठेवा, बँडविड्थ (एका वेळी किती डेटा जाऊ शकतो ती क्षमता) वाढवा, सगळं सुसाट.’

वाचण्यापुरतं हे खरं आहे, तेही थोडा शिळा डेटा चालत असेल तर. लिहिताना मात्र उलटं होतं. प्रतींचं बहुमत घेऊनच नोंद पक्की करायची असेल, तर लांबून पोच येईपर्यंत थांबणं आलं.

बँडविड्थचं म्हणाल, तर पाइप रुंद केला म्हणून पहिला थेंब लवकर येत नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते अमेरिकेतलं व्हर्जिनिया सुमारे १३,००० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन १३० मिलीसेकंद. केबल सरळ जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात दोनशेच्या आसपास. आमच्या एका ऑर्डर स्क्रीनवर एकामागून एक आठ क्वेरी (डेटाबेसला केलेल्या विचारणा) तिकडे जात होत्या, दीड सेकंदाच्या वर नुसतं थांबणं. आठांची एक केली. लिंक तीच, स्क्रीन झटकन उघडायला लागली.

‘मग असिंक्रोनस करा, म्हणजे नोंद आधी पक्की आणि बाकी प्रतींना मागाहून, थांबायलाच नको!’ हे उत्तर ठरलेलं. २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहबमध्ये, म्हणजे प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या सेवेत, काय झालं ते बघा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची नेटवर्क जोडणी अवघे ४३ सेकंद तुटली. तेवढ्यात ऑटोमॅटिक फेलओव्हरने (बिघाड दिसताच कारभार दुसऱ्या प्रतीकडे देणारी सोय) पश्चिमेच्या प्रतींना प्रायमरी, म्हणजे लिखाण घेणाऱ्या मुख्य प्रती, केलं. पूर्वेतल्या शेवटच्या काही नोंदी तिकडे पोहोचल्याच नव्हत्या आणि पश्चिमेत नव्या सुरू झाल्या. परत फिरायची सोय संपली. वर पूर्वेतल्या अॅप्सना प्रत्येक लिखाणासाठी देश ओलांडावा लागला, तो ताण त्यांना पेलवेना. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. ४३ सेकंदांचं बिल!

आणि ‘गूगलच्या स्पॅनरने, त्यांच्या जगभर पसरलेल्या डेटाबेसने, हे सोडवलंय’? स्पॅनरच्या २०१२ च्या पेपरमध्ये जीपीएस आणि अणुघड्याळांनी वेळेची अनिश्चितता सहसा १० मिलीसेकंदांच्या आत ठेवली आहे. त्यातून व्यवहारांचा क्रम ठरतो. पण बहुमताची फेरी मारावीच लागते.

ती फेरी छोटी करता येते. पाच प्रतींपैकी मुंबईत लीडर (लिखाण आधी घेणारी प्रत), हैदराबाद आणि सिंगापूर जवळ, फ्रँकफर्ट आणि व्हर्जिनिया लांब. बहुमताला तीन पुरतात. अमेरिकेतल्या ग्राहकांच्या नोंदींचा लीडर तिकडेच ठेवायचा, अर्थात. मुंबईच्या ग्राहकाची पावती मात्र व्हर्जिनियाची पोच यायच्या आत स्क्रीनवर असते.