नेक, लेक आणि "ज्या आईला उच्चार येत नाहीत" : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार. 'सीके कुठं लावायचं' या माझ्या पोस्टवर तुम्ही एवढी मोठी प्रतिक्रिया लिहिली आणि मी चार दिवस काहीच बोलले नाही, कारण घरी सोयाबीनची मळणी चालू होती आणि खरं सांगायचं तर तुमचं एक वाक्य डोक्यातून जातच नव्हतं. म्हणून आता वेगळं लिहिते.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात. दुसरीतल्या माझ्या पोरीला मी घरीच इंग्रजी स्पेलिंग शिकवते, आणि शब्दाच्या शेवटी क ऐकू आला की नुसता के लिहायचा की सीके (ck), असे नियम त्या पोस्टमध्ये होते. सरांचं म्हणणं असं की माझे नियम अर्धवट आहेत, दुसरीतल्या पोरीचं आधी मराठी पक्कं होऊ द्यावं, आणि तिसरं त्यांच्याच शब्दात देते: "ज्या आईला स्वतःला उच्चार येत नाहीत तिने घरात फोनिक्सचा खेळ मांडू नये. नेक आणि लेक तुमच्या तोंडात सारखेच, मग मुलीला काय कळणार?" (फोनिक्स म्हणजे अक्षरांच्या आवाजावरून वाचायला-लिहायला शिकवणं. नेक म्हणजे इंग्रजी neck, मान, आणि लेक म्हणजे lake, तळं.)

पहिलं मान्य. छोट्या शब्दात एका स्वरानंतर शेवटी एफ, एल, एस आला की तो नेहमी डबल येतो असं मी लिहिलं होतं, ऑफ (off), बेल (bell), मिस (miss). तुम्ही बस, गॅस, येस, इफ दाखवले. बरोबर आहे, 'नेहमी' काढून 'बहुतेक वेळा' केलं. पण अपवाद निघाले म्हणून नियम शिकवूच नका, हे एका मराठीच्या शिक्षकानं म्हणावं? शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी 'कवि'चा 'कवी' झाला, आणि तरी 'आणि' आपण ऱ्हस्वच लिहितो. म्हणून कोणी तो नियम फळ्यावरून पुसला का?

आता ते वाक्य. "खेळ मांडू नये." सर, तुम्ही मला ओळखत नाही, माझं घर पाहिलं नाही, माझा आवाज ऐकला नाही. मी विदर्भात, दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहते एवढं वाचून माझ्या तोंडात काय येतं अन् काय येत नाही हे तुम्ही ठरवून टाकलं. हेच तुम्ही "ताई, नेक आणि लेक वेगळं कसं करता?" असं विचारलं असतं तर मी आनंदानं सांगितलं असतं. तीस वर्षं वर्गात उभं राहिलेला माणूस आईला असं बोलतो याचंच मला जास्त लागलं. आणि खाली "राग मानू नये" लिहून काय होतं, लागायचं ते लागतंच.

माझी बॅच २००० च्या आधीची, तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं. एकेक स्पेलिंग दहा-दहा वेळा लिहायचं, का ते विचारायचं नाही, विचारलं तर पट्टी. दहावीला इंग्रजीत बरे मार्क पडले कारण पाठांतर चांगलं होतं. मग अकरावी सायन्सला बायोलॉजीच्या तासाला मला उभं करून वाचायला लावलं, हिंज जॉइंटचं, म्हणजे बिजागरीसारख्या सांध्याचं, उदाहरण होतं गुडघ्याचं (knee), आणि मी 'नी'च्या जागी 'क्नी' वाचलं. के दिसत होता, मी वाचला. शिकवणाऱ्यांनी ते मला अजून दोनदा वाचायला लावलं, का चुकलं ते सांगायला नाही, वर्ग हसावा म्हणून. दिवाळीनंतर मी आर्ट्सला गेले. घरी सांगितलं बायोलॉजी जमत नाही. बायोलॉजी जमत होतं, सर.

कितीतरी वर्षांनी कळलं की तो के इंग्रज लोक स्वतःच एकेकाळी बोलायचे. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना टाकला, पुढं छापून छापून स्पेलिंगं बसत गेली, बोलणं मात्र बदलत राहिलं, के तोंडातून गेला आणि कागदावर राहिला. एवढंसं कोणी त्या दिवशी सांगितलं असतं तर! माझ्या पोरीला मी 'नी' आणि 'नाइफ' शिकवताना पहिल्यांदा हेच सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तो के म्हातारा झाला." आता शब्दाच्या सुरुवातीला एनच्या आधी के दिसला की ती त्याला सोडून पुढं जाते, घाबरत नाही.

आणि स्पेलिंगचा नियम निम्मा तर डोळ्यांनीच पाहायचा असतो. एकच स्वराचं अक्षर, त्याला लागून क, आणि शब्द तिथंच संपला, तर सीके. बॅक, सिक, लॉक, डक. बुकमध्ये ओ दोनदा आहे म्हणून नुसता के. मागच्या आठवड्यात ती ओसरीवर पाटी घेऊन बसली होती, दारात मळणीसाठी ट्रॅक्टर उभा, त्याच्यावरची अक्षरं वाचून मला विचारते, "आई, ट्रकात सीके हाये, मंग ट्रॅक्टरात काहून नाही?" मी भाकरी थापत होते, हात तसेच पिठाचे, बाहेर आले. दोन्ही शब्द पाटीवर खाली-वर लिहिले. तिनंच बोट ठेवलं, की ट्रॅक्टरमध्ये क च्या नंतर लगेच टी आहे, शब्द संपलाच नाही. मग ॲक्ट आणि फॅक्ट लिहून पाहिले, तिथंही टी. याला तुम्ही खेळ म्हणता.

नेक-लेकचं राहिलं. हो, आमच्याकडे दोन्हीत ए सारखाच निघतो, अमरावतीत निघतो अन् पुण्यातही कितीतरी लोकांच्या तोंडी तसाच निघतो. त्यासाठी वहीचं एक पान मधोमध दुमडलंय, डावीकडे नेक, चेक, डेक, उजवीकडे लेक, केक, मेक, आणि उजवीकडच्यांच्या शेवटी स्वतः न बोलणारा ई लाल पेन्सिलनं. ती पान पाहून पाहून लक्षात ठेवते. पूर्ण उत्तर नाही हे, पण चाललंय.

मराठीबद्दल वाद घालत नाही, ती रोज वाचते. उलट सी मला मराठीमुळंच शिकवता आला. 'त्याचा' म्हण, 'त्याची' म्हण, च एकच आहे ना, मग आवाज काहून बदलला? पुढचा स्वर बदलला म्हणून. तसाच सी, ए-ओ-यू पुढं असेल तर क, म्हणून कॅट, आणि ई-आय-वाय पुढं असेल तर स, म्हणून सिटी. एकदा सांगितलं, पुन्हा सांगावं लागलं नाही. डोळ्याला आमच्याइकडे डोया म्हणतात, तीही म्हणते, आणि वहीत ळ लिहिते. बोलणं एक अन् लिहिणं एक हे खेड्यातल्या लेकराला कोणी वेगळं शिकवावं लागत नाही, सर.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढची पोस्ट इंग्रजी 'जी' (g) कधी ग अन् कधी ज होतो यावर आहे, त्यात गेट (get), गिफ्ट आणि गर्ल हे अपवाद आधीच लिहून ठेवलेत. अजून सापडले तर जरूर कळवा. माझ्या तोंडाबद्दल मात्र लिहू नका.