झिजलेल्या नमुन्यावरून माप काढायचं कसं?

‘जुन्या रणगाड्यांचे सुटे भाग बनवण्याइतकी अचूकता लघुउद्योगांकडे नाही’ हे लेखातलं विधान पटलं नाही. भोसरीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. टी-७२ रणगाडा आणि बीएमपी-२ ही सैनिक नेणारी चिलखती गाडी, दोन्ही सोव्हिएत बनावटीची वाहनं. कित्येक भागांची ड्रॉइंग आमच्यापर्यंत पोचतच नाहीत. हातात येतो झिजलेला नमुना. त्यावरून मूळ माप, टॉलरन्स (मापात चालणारा फरक), हीट ट्रीटमेंट (धातू तापवून-थंड करून त्याला हवा तो कणखरपणा देणं) ताडायची, रशियन मानकाच्या पोलादाला इथला पर्याय शोधायचा. हे करणारे कसबी कारागीर भोसरीत आहेत, आणि त्यांचा मला अभिमान आहे.

घोडं अडतं ते ऑर्डरपाशी. नग मोजके, पुढची मागणी कधी येईल याचा पत्ता नाही, चाचण्यांचा खर्च मात्र आमच्या माथी. २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाचं सृजन पोर्टल आल्यापासून कुठले भाग हवेत हे तरी कळतं. आता निदान पाच वर्षांच्या मागणीची हमी द्या.