वरच्या मजल्यावरचा लायसन्सी

माझे वडील माझे घरमालक आहेत. तसे ते माझ्या जन्मापासूनच होते, पण एप्रिल २०२४ पासून रीतसर झाले.

झालं असं की आमच्या ऑफिसातून दर एप्रिलला एक मेल येतो : जुनी करप्रणाली हवी की नवी ते कळवा, न कळवल्यास नवी धरली जाईल. मेघनाने, म्हणजे बायकोने, दोन रात्री लॅपटॉपवर हिशोब मांडला. ८०सीच्या गुंतवणुकीचे दीड लाख, एनपीएस पेन्शन योजनेचे पन्नास हजार, सगळ्यांचा आरोग्य विमा, जुनीतल्या एवढ्या सगळ्या वजावटी धरूनसुद्धा नवीच स्वस्त पडत होती. जुनीला तारू शकेल अशी एकच गोष्ट होती, घरभाडं. आणि पगारात दर महिन्याला ‘एचआरए’, म्हणजे घरभाडे भत्ता, नावाची ओळ असूनही भाडं द्यायला आम्हाला कोणी नव्हतं. पुण्यातल्या जुन्या बंगलीचा वरचा मजला आमचा, खालचा आई-बाबांचा, आणि मिळकतपत्रिकेवर नाव एकट्या बाबांचं.

“मग वडिलांना भाडं द्या की,” सीए म्हणाले. “कायद्यात बसतं. पैसे खरोखर त्यांच्या खात्यात गेले पाहिजेत आणि त्यांनी ते स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवले पाहिजेत. नुसत्या पावत्या फाडायच्या नाहीत.”

बाबांना हे सांगायचं कसं, यावर वरच्या मजल्यावर बरीच खलबतं झाली. पोटच्या पोराकडून भाडं घ्यायचं म्हणजे त्यांना किती लागेल! मी चांगलं मोठं प्रास्ताविक तयार केलं. कर, कायदा, तुमचे उपकार, गैरसमज नसावा वगैरे. बाबा सरकारी लेखापरीक्षणात जन्म काढून निवृत्त झालेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, “डिपॉझिट किती?”

महिना पंधरा हजार भाडं आणि पन्नास हजार डिपॉझिट, असं त्यांनी सुचवलं. सुचवलं म्हणजे सांगितलं. ‘लीव्ह अँड लायसन्स’चा करार तोंडी चालणार नाही, नोंदणीकृतच हवा, कारण १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकावर येते. हे कलम त्यांनी तोंडपाठ म्हणून दाखवलं. मला वाटतं, गेली वीस वर्षं ते भाडेकरूच्या शोधातच होते.

करारासाठी एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला. बाबांचा अंगठा काही केल्या उमटेना. त्यांनी तो धोतराला पुसला, मग गालावर घासला, मग एजंटने स्वतःच्या रुमालाने पुसून दिला. मशीन प्रत्येक वेळी लाल दिवा दाखवून नकार देत होतं आणि बाबा त्याच्याकडे अपुरं व्हाउचर आणलेल्या कारकुनाकडे बघावं तसे बघत होते. या गडबडीत एजंट सहज बोलून गेला, की मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का असतं आणि डिपॉझिट घेतलं तर त्याच्यावर वार्षिक दहा टक्के व्याज धरून तेही त्यात मिळवतात. बाबांचा अंगठा हवेतच थांबला.

“म्हणजे डिपॉझिटपायी किती वाढतात?”

“दहा-बारा रुपये, काका.”

“काय कारण सरकारला द्यायचं? डिपॉझिट रद्द.”

अशा तऱ्हेने माझे पन्नास हजार वाचले. पुढच्याच खेपेला अंगठाही उमटला.

साक्षीदार म्हणून एजंटने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, “मी नाही बाई. उद्या यांचं भांडण कोर्टात गेलं तर मी कुणाच्या बाजूने उभी राहू?” शेवटी शेजारचे जोशी काका-काकू आले, चहा पिऊन सह्या करून गेले. जाताना काकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “इतकं झालं घरात, आम्हाला पत्ता नाही,” ते हळहळून म्हणाले.

इथून पुढे बाबांची भाषा बदलली. एरवी ‘अरे तुरे’ करणारा माणूस महिन्याच्या पाच तारखेला व्हॉट्सअॅपवर लिहू लागला, “आपले ऑगस्टचे भाडे अद्याप जमा झालेले दिसत नाही.” भिंतीला खिळा मारायचा तर पूर्वपरवानगी. गच्ची गळायला लागली तेव्हा मी आशेने खाली गेलो. बाबांनी करार काढला, बोट ठेवलं : किरकोळ दुरुस्ती लायसन्सीने, म्हणजे परवान्यावर राहणाऱ्याने, म्हणजे मी, करावी. “गच्ची किरकोळ कशी?” मी म्हणालो. “गळती किरकोळ आहे,” ते म्हणाले. मी भाडे नियंत्रण कायद्याचा आधार घेऊन भाडेकरूच्या हक्कांबद्दल काहीतरी बोललो, तर म्हणाले, “वर्षाला चार टक्क्यांच्या वर वाढ नाही वगैरे ते भाडेकरूला. तू भाडेकरू नाहीस, लायसन्सी आहेस. तुला दहा टक्के.”

एचआरएचं गणित समजावून सांगताना मात्र मी एक नसती आफत ओढवून घेतली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे करमाफ रक्कम तीन आकड्यांमधली सर्वांत लहान धरायची : प्रत्यक्ष मिळालेला भत्ता, भाड्यातून मूळ पगाराचे दहा टक्के वजा करून उरलेली रक्कम, आणि महानगरात असाल तर मूळ पगाराचे पन्नास टक्के, नसाल तर चाळीस.

“पुणं पन्नासमध्येच असणार.”

“नाही. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई. चारच.”

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. आमच्या हिशोबात या टक्केवारीचा काडीचाही संबंध नव्हता. दुसरा आकडाच सर्वांत लहान येत होता. पण प्रश्न पैशांचा राहिलाच नव्हता. रात्री जेवताना ते अचानक म्हणाले, “चेन्नईचं मी समजू शकतो.” मग पुन्हा भाताकडे वळून, “पण चाळीस?” दुसऱ्या दिवशी अर्थ मंत्रालयाला पत्र गेलं, रजिस्टर्ड पोस्टाने. मसुदा मी वाचला. त्यात पेशव्यांचा उल्लेख दोनदा होता.

जानेवारीत ऑफिसने पुरावे मागितले. वर्षाचं भाडं लाखाच्या वर म्हणून घरमालकाचा पॅन, करार, पावत्या. बँकेतून गेलेल्या भाड्याला महसुली तिकिटाची गरज नसते, पण बाबांनी प्रत्येक पावतीवर एक रुपयाचं तिकीट चिकटवून त्याच्यावरून आडवी सही ठोकली होती. कोरीव अक्षर, एकही खाडाखोड नाही. पोर्टलने सगळ्या पावत्या परत पाठवल्या : ‘प्रत अस्पष्ट.’ हे मी खाली सांगितलं ही माझी हिंमत. बाबांनी आमच्या अकाउंट्स विभागाचा फोन नंबर मागितला. तो मी अजूनही दिलेला नाही. रात्री गुपचूप त्याच पावत्या पुन्हा स्कॅन करून चढवल्या, सकाळी मंजूर.

बाबांच्या रिटर्नमध्ये हे भाडं घरापासूनचं उत्पन्न म्हणून दाखवायचं होतं. त्यातून तीस टक्के सरसकट वजावट मिळते आणि पेन्शन धरूनही नव्या करप्रणालीत ते सूट मिळणाऱ्या सात लाखांच्या आतच राहत होते. कर शून्य. तरी मॉर्निंग वॉकच्या कट्ट्यावर त्यांनी सांगून ठेवलं होतं, “यंदा प्रॉपर्टीचं उत्पन्न आहे, रिटर्न जरा गुंतागुंतीचं होणार.”

आमचा एकूण फायदा म्हणाल तर वर्षाला दहाएक हजार. गच्चीला चौदा लागले.

मग १ फेब्रुवारी २०२५ उजाडला. आम्ही सगळे खाली टीव्हीसमोर. निर्मला सीतारामन यांनी जाहीर केलं, की नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंत कर नाही. माझं उत्पन्न त्याच्या अलीकडेच. मेघनाने मला चिमटा काढला. एप्रिलपासून नवी प्रणाली, ना पावत्या, ना पोर्टल, ना पाच तारीख! अकरा महिन्यांचा करार त्याच महिनाअखेरीला संपतही होता. मी मोकळा होऊन म्हणालो, “बाबा, आता भाड्याची काही गरजच उरली नाही.”

“अगं बाई,” आई म्हणाली. “असं कसं?”

चौकशीअंती कळलं, की दर महिन्याला पैसे येताहेत म्हटल्यावर आईने महिना पंधरा हजारांची भिशी लावली होती. तिचा नंबर ऑक्टोबरचा. मधेच बंद केलं तर मैत्रिणींमध्ये तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

बाबांनी टीव्ही बंद केला आणि ड्रॉवरमधून नव्या कराराचा मसुदा काढला. तो तयारच होता. भाडं साडेसोळा हजार.

“आईची भिशी पंधराची आहे,” मी म्हणालो. “वरचे दीड हजार कशाला?”

“लायसन्सीने मालकाला खर्चाचा हिशोब विचारायचा नसतो,” बाबा म्हणाले. “जोशांना बोलाव सहीला.”