पॅटर्न बदलला? मग तुम्हीच बदला न!

सर्वात आधी तर अभिनंदन. तुम्ही बीएच्या मधल्या वर्षात आहात, एक-दोन पेपर बॅक आहेत अन् मागून नवा पॅटर्न, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम अन् परीक्षेची पद्धत, येऊन राहिला. घाबरू नका भाऊ, ताई तुम्हीपण नका घाबरू. फक्त खाली सांगतो तसं वागा म्हणजे विद्यापीठाला तुमचा त्रास होणार नाही, मुद्दा तोच आहे.

तर नापास व्हायचंच नाही. आजारी पडायचं नाही. हिवाळी परीक्षेच्या तोंडावर सोयाबीन सोंगायला आलं तर बापाला ठणकावून सांगायचं, बाबा थांबा, शासन निर्णय आहे. आणि तो खरंच आहे, २० एप्रिल २०२३ चा. स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि आपल्यासारख्या तालुक्याच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून मेजर-मायनर, म्हणजे एक मुख्य विषय अन् एक जोडविषय, आलं ते त्यातूनच. जो पोट्टा जुन्यात घुसला तो जुन्यातूनच निघेल असं ऐकायला एकदम चोख वाटते. फक्त एक वर्ष गॅप पडला की तुमचा वर्ग पुढं गेलेला, जुना पेपर शिकवणारं कोणी नाही, जुन्या परीक्षेच्या संधी मोजून दिलेल्या, अन् ऑनलाइन फॉर्म भरायला गेलं तर सायबर कॅफेवाला म्हणते तुमचा विषयच दिसून नाही राहिला.

म्हणजे शेवटी नव्यात जायची वेळ येते. जुन्या बीएत तुम्ही मराठी वाङ्मय, इतिहास अन् गृहअर्थशास्त्र घेतलं होतं, तिन्ही बरोबरीचे. नव्यात एकच मेजर, एक मायनर. मग तिसऱ्या विषयाचे जे पेपर तुम्ही रात्र रात्र जागून काढले ते बसवायचे कुठं? त्यासाठी समकक्षतेचा तक्ता निघते, जुना कोणता पेपर नव्यातल्या कोणत्या पेपरच्या बरोबरीचा धरायचा त्याचा. कधी निघते हे बाबूंना विचारू नका, त्यांना पण तुमच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवरून कळते.

मेजर निवडताना आवडीच्या नादी लागू नका. आधी स्टाफरूममध्ये डोकावून पाहा कोणत्या परमनंट सरांचा वर्कलोड कमी पडून राहिला. तोच विषय तुम्हाला लहानपणापासून आवडतो. तासिका तत्त्वावरच्या मॅडम कितीही चांगलं शिकवत असल्या तरी त्यांच्या विषयात जीव गुंतवायचा नाही, कारण पुढच्या वर्षी आपण इथं असू का याची मॅडमलेच खात्री नाही, बिचाऱ्या तासाच्या हिशोबानं जगतात अन् तुमचा विषय मेजरचा मायनर झाला की पहिली कात्री त्यांच्याच तासांवर.

ओपन इलेक्टिव्हचं तर भारीच आहे. हा पेपर आपल्या शाखेबाहेरचा घ्यायचा असतो. आता कॉलेज फक्त आर्ट्सचं, सायन्सचं कॉलेज दुसऱ्या तालुक्यात, तिथं जायची एसटी सकाळी एक अन् परतीची संध्याकाळी. तरी निवडीचं स्वातंत्र्य आहेच! इतिहासाचे सर कॉमर्सचा पेपर शिकवायला तयार आहेत, तुम्ही शिकायला तयार राहा. नोट्स झेरॉक्सवाल्याकडे मिळतात.

मग सहाव्या सेमिस्टरला ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामावर जाऊन शिकायचं. क्रेडिट हे अभ्यासाच्या वजनाचं माप, इथं ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. तालुक्यात कंपनी कुठं आहे असं रडू नका. जिनिंग आहे, कृषी केंद्र आहे, पतसंस्था आहे. फवारणीच्या औषधाच्या डब्यांवर धूळ पुसली तरी सही-शिक्का मिळते, त्या सहीचं मराठी वाङ्मयाशी काय नातं ते अहवालात दोन पानं लिहून जोडून द्या, वाचत कोणी नाही.

आणि नाहीच झेपलं तर एक्झिट आहे न! पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन निघता येते. पण नुसतं निघता येत नाही हो, वर्षाच्या क्रेडिटवर आणखी ४ क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप करून मगच. म्हणजे सोडून जायलाही अभ्यास आहे. घरी विचारलं तर शिक्षण सुटलं असं म्हणायचं नाही, मल्टिपल एक्झिट घेतली म्हणायचं. सासरचे लोकही मान देतील.

दोन पॅटर्नमधला पोट्टा म्हणजे धुऱ्यावरचं, दोन वावरांच्या बांधावरचं झाड आहे बाप्पा. सावलीले दोघंही येतात, पाणी घालायची वेळ आली की हा म्हणते तुमच्यात, तो म्हणते तुमच्यात. फी मात्र एकदाही चुकून दुसऱ्याच्या नावावर जात नाही, हे मानायला पाहिजे.

एवढं करूनही कुठं अन्याय वाटलाच तर रस्ता मोकळा आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमाप्रमाणे प्रत्येक कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती पाहिजे, तिनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, वर विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठीचा लोकपाल पण असतो. समितीत तुमची बाजू समजायला एक विद्यार्थीसुद्धा विशेष निमंत्रित असतो. तो निवडायचा गुणवत्तेवर, नाहीतर खेळातल्या किंवा इतर उपक्रमांतल्या कामगिरीवर. बॅक असलेला पोट्टा तिथं कायले बसवतील? तुम्ही बाहेर बाकावर बसा, जुनी मार्कशीट अन् नवा फॉर्म दोन्ही सोबत ठेवा, प्रत्येकी तीन प्रती, अन् शिपायाले चहा विचारा.